मोर्गोंची बाटली

पॅरिसमधल्या कुठल्याही बऱ्या वाइनच्या दुकानात लाल वाइनच्या फळीवर दोन बाटल्या हमखास दिसतात. एकीवर बर्गंडीतल्या जव्हरे-शांबेर्तँ गावाचं नाव असतं. पन्नास युरोंच्या खाली त्या नावाचं चांगलं काही हाती लागणं कठीण. दुसरीवर मोर्गों असं लिहिलेलं असतं, सोबत उत्पादकाचं नाव लापिएर, आणि ती पंचवीस युरोंच्या आसपास घरी नेता येते. दोन्ही वाइन एकेका गावाच्या शिवारातल्या, दोन्ही प्रत्येकी एकाच जातीच्या द्राक्षाच्या, दोन्हींमागे तोडणीच्या हंगामात वाकून वाकून मोडलेल्या पाठी. मग भावात हा फरक का? मोर्गों बोजोले प्रांतात येतं, म्हणून. आणि बोजोलेचं नाव गेल्या सहाशे वर्षांत दोनदा बद्दू झालं: एकदा एका ड्यूकच्या हुकमाने, एकदा बोजोलेवाल्यांच्या स्वतःच्याच हाताने.

कमी पैशांत चांगली फ्रेंच वाइन कुठे शोधायची, असं विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. जिथे नाव खराब झालंय पण जमीन खराब झालेली नाही, अशा ठिकाणी. लापिएरची मोर्गों हे त्याचं सर्वांत चोख उदाहरण.

बोजोले म्हणजे लिऑन शहराच्या उत्तरेला, सोन नदीच्या पश्चिमेकडे चढत जाणाऱ्या टेकड्यांचा पट्टा. दक्षिणेकडची जमीन चिकणमातीची आणि चुनखडीची, तिथे साधी, लवकर प्यायची वाइन होते. उत्तरेकडे ग्रॅनाइट वर येतं आणि खरा माल तिथला. या उत्तर भागातल्या 10 शिवारांना 'क्रू' म्हणून स्वतंत्र दर्जा आहे आणि त्यांची वाइन स्वतःच्या नावाने विकली जाते. फ्लरी, मुलँ-आ-व्हाँ, जुलिएना, ब्रुयी ही त्यांतली काही नावं. मोर्गोंला हा दर्जा 1936 सालीच मिळाला. गंमत अशी की या क्रूंच्या लेबलावर बहुतेक वेळा 'बोजोले' हा शब्दच नसतो. प्रांताच्या नावाने भाव पडतो, हे उत्पादकांना कळून चुकलेलं असतं.

मोर्गोंची सगळ्यात नावाजलेली जागा म्हणजे 'कोत द्यु पी' ही टेकडी. इथला खडक इतका कुजलेला आहे की तिथले लोक त्याला 'सडका खडक' म्हणतात. हातात घेऊन दाबला तर त्याचे पापुद्रे सुटतात, बोटांना तांबूस-करडी पूड लागते. आपल्याकडच्या मुरमाशी ज्यांची ओळख आहे त्यांना ही जमीन पाहून परकं वाटणार नाही. पाणी झरझर निचरून जातं, पोषण बेताचं, वेलीला मुळं खोल न्यावीच लागतात. अशा जमिनीत 'गामे' नावाचं द्राक्ष लावतात. बोजोलेतली जवळपास सगळी लागवड याच एका जातीची आहे.

या गामेचीच पहिली बदनामी झाली. 31 जुलै 1395 रोजी बर्गंडीचा ड्यूक 'धाडसी' फिलिप याने फर्मान काढलं, की आपल्या मुलखातल्या गामेच्या वेली उपटून टाका. त्याच्या मते ही जात वाईट, बेइमान आणि तिची वाइन माणसाच्या प्रकृतीला घातक. आरोग्याची काळजी वरवरची असावी. खरी चिंता व्यापाराची होती. बर्गंडीची कीर्ती उभी होती पिनो न्वार या नाजूक, कमी फळणाऱ्या द्राक्षावर. गामे लवकर पिकतं, भरभरून फळतं आणि फारसे लाड मागत नाही. प्लेगनंतर मजूर मिळेनासे झाले होते, तेव्हा शेतकऱ्यांना असलंच पीक हवं होतं. ड्यूकला वाटलं, स्वस्त मालाने आपला बाजार उठेल. पुढच्या शतकात त्याच्या नातवालाही असाच हुकूम पुन्हा काढावा लागला. म्हणजे पहिला कितपत पाळला गेला असेल ते दिसतंच आहे. तरी वरच्या बाजूच्या चुनखडीच्या उतारांवरून गामे हळूहळू मागे हटलं आणि खाली बोजोलेच्या ग्रॅनाइटवर टिकून राहिलं. ड्यूकने अद्दल घडवायला निघून उलट त्याची सोयच केली म्हणायची. सुपीक जमिनीत हे द्राक्ष सोकावतं, पातळ रसाचे घोस लटकवत बसतं. ग्रॅनाइटवर त्याला लगाम बसतो.

1999 साली जनुकीय तपासणीतून एक गोष्ट उघड झाली. गामे हे पिनो आणि 'गुए ब्लां' नावाच्या एका सामान्य पांढऱ्या द्राक्षाचं अपत्य आहे. जगभर मिरवणारं शार्दोने हे त्याचं सख्खं भावंड. ज्या पिनोच्या इभ्रतीसाठी ड्यूकने गामेला हद्दपार केलं, त्याचंच ते पोर होतं.

दुसरी बदनामी अलीकडची, आणि तिचं खापर दुसऱ्यावर फोडता येत नाही. लिऑनच्या खाणावळींत नवी वाइन पिण्याची प्रथा जुनी होती. तोडणी झाल्यावर काही आठवड्यांतच, पिंपात अजून फसफसत असलेला माल सोन नदीतून शहरात यायचा. लिऑनमध्ये अजूनही थट्टेने म्हणतात, की शहराला तीन नद्या आहेत, रोन, सोन आणि बोजोले. 13 नोव्हेंबर 1951 रोजी सरकारी परवानगीने ही नवी वाइन 'बोजोले नूवो' म्हणून इतरांच्या आधी बाजारात आणता येऊ लागली. 1985 पासून तिचा दिवस ठरला, नोव्हेंबरमधला तिसरा गुरुवार. जॉर्ज द्युबफ या हुशार व्यापाऱ्याने त्या गुरुवारचा जगभर सोहळा केला. मध्यरात्री बाटल्या फोडायच्या, विमानांनी पेट्या टोकियोपर्यंत पोचवायच्या, दुकानांवर 'आली, नवी बोजोले आली' असे फलक लावायचे. तोडणीनंतर दोन-अडीच महिन्यांत पैसे हातात! कुठल्या शेतकऱ्याला हे नको असेल? एका टप्प्यावर प्रांतातला जवळजवळ निम्मा माल नूवो म्हणून खपू लागला.

पण घाईच्या पैशाला घाईची शेती लागते. द्राक्षं कच्ची तोडायची आणि अल्कोहोल वाढवण्यासाठी रसात साखर ओतायची. आंबवण लवकर उरकावं म्हणून पाकिटातलं यीस्ट घालायचं. त्यातली एक लोकप्रिय जात केळ्याच्या गोळीसारखा वास सोडते, आणि बोजोलेचा वास केळ्यासारखाच असतो अशी जगाची समजूत होऊन बसली ती त्यामुळे. शेतात कुदळीची जागा तणनाशकाने घेतली. उतारावरच्या दगडाळ जमिनीत दाट लावलेल्या वेलींमधून कुदळणी करणं हे जिवावरचं काम, त्यामुळे त्या शेतकऱ्यांना सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. पण जमीन मेली ती मेलीच.

पुढे लोक कंटाळले. 2001 च्या हंगामातला 11 लाख पेट्यांवर माल गिऱ्हाईक न मिळाल्याने ऊर्ध्वपातनाला धाडावा लागला किंवा नष्ट करावा लागला. त्याच सुमारास लिऑनच्या एका मासिकात बोजोलेची संभावना करणारा एक ग्राम्य शब्द छापून आला. उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मासिकाला कोर्टात खेचलं. खालच्या कोर्टात त्या जिंकल्या, वर हरल्या. पण तोवर ज्यांनी ते मासिक कधी हातातही धरलं नसतं त्यांच्यापर्यंत तो शब्द पोचला होता. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते इथे झालं. दक्षिणेच्या सपाटीवरच्या घाईच्या मालाबरोबर मोर्गों, फ्लरी, मुलँ-आ-व्हाँ यांचाही भाव बसला.

या सगळ्या गदारोळात व्हिलिए-मोर्गों गावातला एक माणूस वीस वर्षं उलट्या दिशेने चालत होता.

मार्सेल लापिएर यांचा जन्म 1950 चा. 1973 मध्ये त्यांनी वडिलांकडून घरची शेती हातात घेतली. दहा-बारा हेक्टरांचा कारभार, म्हणजे फ्रेंच हिशोबाने मध्यम शेतकरी. शाळेत शिकवलं तसं त्यांनीही सुरुवातीला केलं. तणनाशक, रासायनिक खत, विकतचं यीस्ट, गंधक, सगळं. माल खपत होता. अडचण एकच होती, ती वाइन त्यांना स्वतःला प्यावीशी वाटत नव्हती. आधीच्या पिढीच्या जुन्या बाटल्यांची चव त्यांच्या जिभेवर होती आणि आपण काय भरतोय हेही कळत होतं.

1981 मध्ये त्यांची गाठ ज्युल शोव्हे यांच्याशी पडली. शोव्हे (1907–1989) हे शेजारच्या ला शापेल-द-गँशे गावातले वाइनचे व्यापारी. पण गल्ल्यावर बसणारा व्यापारी अशी त्यांची प्रतिमा डोळ्यांपुढे आणू नये. त्यांनी रसायनशास्त्राचा अभ्यास केला होता. पेशींच्या श्वसनावरच्या कामासाठी 1931 चं नोबेल मिळवणारे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. यीस्टवर, आंबवणाच्या तापमानावर, वासांवर ते वर्षानुवर्षं प्रयोग करत. त्यांचा निष्कर्ष असा, की द्राक्षाच्या सालीवर आणि तळघरात आपसूक असलेलं यीस्टच त्या जागेचा खरा स्वाद घडवतं. तणनाशक आणि गंधक वापरून आधी ते मारायचं आणि मग पाकिटातलं आणून घालायचं यात शहाणपण नाही.

आज ज्याला 'नैसर्गिक वाइन' म्हणतात त्या चळवळीचे अनेक धागे या एका माणसापाशी येऊन मिळतात. चळवळीतले काही उत्साही लोक विज्ञानाकडे जरा तिरक्या नजरेने पाहतात, तेव्हा मला मौज वाटते. त्यांचा मूळ गुरू सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारा रसायनतज्ज्ञ होता. काहीच घालायचं नसेल तर काय चाललंय ते क्षणोक्षणी बघावं लागतं. गंधक हा वाइन बनवणाऱ्याचा विमा असतो. तो उतरवायचा नसेल तर आगीवर स्वतः पहारा ठेवावा लागतो.

शोव्हे यांचे शिष्य जाक नेओपोर यांच्या मदतीने लापिएर यांनी हे सगळं आपल्या शेतात आणि तळघरात उतरवलं. त्यांची पद्धत नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण बाटलीतली चव थेट तिच्यातून येते.

आधी शेत. नाशिककडचा मांडव किंवा वाय आकाराचे अँगल डोळ्यांपुढे असतील तर ते बाजूला ठेवा. बोजोलेत जुन्या वेलींना तारेचा आधार नसतो. प्रत्येक वेल झुडपासारखी एकटी उभी, खोड गुडघ्याच्याही खाली, वर पेल्यासारख्या उघडलेल्या चार-पाच फांद्या. हेक्टरी दहा हजारांच्या घरात वेली. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. आपल्याकडे थंडीत वेल झोपत नाही म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन कराव्या लागतात. शत्रू मात्र तेच, भुरी आणि केवडा. औषधंही बरीचशी तीच. सेंद्रिय शेती म्हणजे फवारणी नाही असा एक समज आहे, तो चुकीचा. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण आणि गंधक ही सेंद्रिय नियमांत बसतात. लापिएर यांनी सोडली ती तणनाशकं आणि कारखान्यातली कीटकनाशकं. तण काढायला पुन्हा नांगरट आली, मजुरीचा खर्च वाढला, उतारा घटला.

मग तोडणी. शेजारी घाईने तोडत असताना हे थांबायचे, द्राक्ष पुरतं पिकेपर्यंत. पुरतं पिकलेल्या द्राक्षात साखर ओतावी लागत नाही. पण उशीर म्हणजे पावसाची आणि कुजण्याची भीती, म्हणून निवड कडक. सडका मणी दिसला की घोस बाजूला. गंधक नसलेल्या पिंपात एक कुजका घोस पुरेसा असतो. तोडणी हातानेच करावी लागते, कारण पुढच्या सगळ्या रीतीचा पाया आहे अख्खा, न फुटलेला घोस. यंत्र मणी झटकून पाडतं आणि देठ वेलीवरच राहतात. ते इथे चालत नाही.

हे घोस देठांसकट थंड करून उंच लाकडी पिंपात रचतात. चेचत नाहीत, तुडवत नाहीत. वरच्या भाराने तळाचे घोस आपोआप फुटतात आणि त्यांचा रस सुटतो. त्या रसात सालीवरचं यीस्ट कामाला लागतं आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा वायू हवेपेक्षा जड. तो पिंपात तळापासून वर साठत जातो आणि प्राणवायूला बाहेर ढकलतो. वरचे अख्खे मणी आता प्राणवायूविना कोंडले जातात आणि इथे गंमत घडते. यीस्टचा स्पर्शही न होता मण्याच्या आत, त्याच्या स्वतःच्या पेशींत, साखरेचं अल्कोहोल होऊ लागतं. फार नाही, दोनेक टक्क्यांपर्यंत. तेवढ्यात आंबट मॅलिक आम्लाचा मोठा भाग जिरतो. सालीचा रंग आत गरात उतरतो. चेरी, रासबेरी, फुलं यांची आठवण करून देणारे वास तयार होतात. तुरटपणा मात्र कमीच सुटतो, कारण साली आणि बिया चिरडल्या गेलेल्या नसतात. शेवटी मणी मरतो, फुटतो आणि त्याचा रस खालच्याला मिळतो.

हीच रीत नूवोसाठीही वापरतात, हे सांगायला हवं. फरक दिवसांचा आहे आणि तापमानाचा. नूवो चार-पाच दिवसांत पिंपातून बाहेर येते. लापिएरकडे घोस दहा ते वीस दिवस पिंपात राहतात, थंडाव्यात, संथपणे. रोज चाखायचं, यीस्ट कसं वाढतंय ते तपासायचं, नको ते जिवाणू डोकं वर काढतायत का बघायचं. त्यानंतर घोस चरकात जातात. चरकातून पहिल्यांदा वाहणारा रस अर्धवट आंबलेला असतो, अजून गोड, गुलाबी-जांभळा आणि किंचित फसफसणारा. बोजोलेत त्याला 'पारादी' म्हणजे स्वर्ग म्हणतात आणि तोडणीचे मजूर तो चरकाखाली पेले धरून पितात. तो पुढे आंबवण पुरं करतो आणि बर्गंडीतल्या जुन्या, वापरलेल्या ओकच्या पिंपांत हिवाळा-वसंत काढतो. पिंपं जुनीच हवीत. नव्या ओकचा व्हॅनिलासारखा वास या वाइनवर चढला तर मग मोर्गोंचं मोर्गोंपण कुठे राहिलं? शिवाय नवं पिंप महाग. बाटली परवडते त्याला असले साधे हिशोबही कारण आहेत.

गंधकाबद्दल थोडं. युरोपात कोरड्या लाल वाइनमध्ये लिटरला 150 मिलिग्रॅमपर्यंत सल्फर डायऑक्साइड चालतो. 10 मिलिग्रॅमच्या वर गेलं की लेबलावर तसं लिहावं लागतं. थोडं गंधक आंबताना यीस्ट स्वतःच बनवतं, त्यामुळे 'गंधकमुक्त' असं काही शंभर टक्के नसतं. लापिएरकडे आंबवण गंधकाविना होतं. बाटलीत भरताना दोन वाटा फुटतात. एका मालात काहीच घालत नाहीत, तो 'एन'. दुसऱ्यात प्रवासासाठी किंचित गंधक घालतात, तो 'एस'. बाटलीवर बारीक अक्षरांत त्या खुणा असतात. पहिली थंडाव्यात, 14 अंशांखालीच ठेवायची. उन्हात तापलेल्या कंटेनरमधून गेली तर आतलं उरलंसुरलं जीवन पुन्हा हलू लागतं आणि बूच काढल्यावर वाइनऐवजी भलताच वास येतो. नैसर्गिक वाइनच्या नावाखाली असला बिघडलेला माल 'हाच खरा स्वाद' म्हणून गळ्यात मारणारे आहेत. त्यांच्यापासून सावध राहावं. शोव्हे यांनी असली बाटली सरळ मोरीत ओतली असती.

लापिएर एकटे राहिले नाहीत. गावातलेच जाँ फ्वायार, जाँ-पोल तेव्हने आणि गी ब्रतों हे तिघे त्याच वाटेने गेले. अमेरिकेतल्या बर्कली इथले आयातदार कर्मिट लिंच यांनी या चौघांना 'गँग ऑफ फोर' असं नाव ठेवलं. माओच्या चीनमधल्या चौकडीवरून केलेला हा विनोद लोकांच्या तोंडी बसला. पॅरिसच्या छोट्या वाइन बारांमध्ये या चौघांच्या बाटल्या फिरू लागल्या, आणि बोजोले म्हणजे केळ्याचा वास असं मानणाऱ्यांची पंचाईत झाली.

ऑक्टोबर 2010 मध्ये, हंगाम संपता संपता, मार्सेल लापिएर गेले. साठ वर्षांचे होते. मुलगा मात्यू आधीपासून हाताखाली होता. तो मुळात स्वयंपाकी. मुलगी कामी वाइन वाढण्याचं शिक्षण घेऊन घरी परतली आणि आई मारी यांच्यासह घरानेच कारभार पुढे नेला. वडिलांचं नाव एवढं मोठं असताना मुलांनी भाव दुप्पट केला असता तरी माल खपला असता. त्यांनी तसं केलेलं नाही. भाव वाढले आहेत, नाही असं नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची मोर्गों याहून बरीच स्वस्त होती. आजच्या मोर्गोंहून स्वस्त हवी असेल तर याच घराची 'रेझँ गोल्वा' नावाची वाइन आहे. लेबलावर मिश्कील व्यंगचित्र, तरुण वेलींची द्राक्षं, क्रूचा दर्जा न सांगता साध्या फ्रेंच वाइनच्या नावाने विकलेली. पुष्कळांना ती दुय्यम वाटते. उन्हाळ्याच्या दुपारी मला तीच जास्त बरी वाटते, आणि किंमत जवळपास निम्मी. नूवोही हे घर काढतं, आणि जपानात तिला गिऱ्हाईक आहे. म्हणजे दोष नूवोच्या कल्पनेत नव्हता, ती कशी बनवली यात होता.

आता पेल्यात काय असतं ते. रंग माणकासारखा, आरपार दिसणारा, क्वचित किंचित गढूळ, कारण गाळणी नसते. वासात पिकलेली चेरी, थोडं गुलाबासारखं, मागे ओल्या दगडासारखं काहीतरी. जिभेवर हलकी, पण पाणचट नाही. घोट गेल्यावर तोंडाला पाणी सुटतं आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो. तुरटपणा इतका कमी, की जेवणात तिखट असलं तरी ती भांडत नाही. बोर्दोची तुरट लाल वाइन तिखटाबरोबर घेतली की मिरची दुप्पट झोंबते. गामे थंड करून घेतली तर कोंबडीच्या रश्श्याबरोबरही निभावून नेते. थंड म्हणजे 14-15 अंश. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा नियम युरोपातल्या थंड घरांचा आहे. मुंबईच्या खोलीत 30 अंशांना ती उकळल्यासारखी लागते. अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी आणि मग उघडावी. चांगल्या वर्षाची मोर्गों पाच-सात वर्षं सहज टिकते, आणि मग तिची चव बर्गंडीच्या पिनोकडे झुकते. जाणकारही कधी कधी फसतात. बापाचं नाक शेवटी पोराच्या चेहऱ्यावर येतंच.

काळजीचीही एक गोष्ट आहे. मोर्गोंची तोडणी पूर्वी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत चाले. आता अनेक वर्षी ती ऑगस्टअखेरीलाच सुरू होते. गामे लवकर पिकणारं द्राक्ष, उन्हाळे तापले की त्यात साखर भराभर चढते आणि अल्कोहोल 14 टक्क्यांपर्यंत जातं. जी वाइन हलकेपणासाठी ओळखली गेली ती काही वर्षी जड निघते. 2016 आणि 2017 मध्ये गारपिटीने या भागाला लागोपाठ झोडपलं. म्हणून वर्ष बघून घ्यावी. फार तापलेल्या वर्षापेक्षा बेताच्या उन्हाळ्याच्या वर्षाची बाटली या घराच्या हातात जास्त खुलते.

भारतात हा सगळा हिशोब कोलमडतो. आयात वाइनवर वर्षानुवर्षं 150 टक्के सीमाशुल्क राहिलं, वर राज्याचे कर आणि मधल्यांचा नफा. पंचवीस युरोंची बाटली मुंबईच्या दुकानात पोचेपर्यंत तिचा परवडणारेपणा संपलेला असतो. तिथे बर्गंडी घ्या नाहीतर बोजोले, दोन्ही सारख्याच महाग वाटतात. त्यामुळे ही वाइन तिकडे गेल्यावरच घेण्यात अर्थ आहे. पॅरिसला, लिऑनला किंवा लंडनला जाणं झालं तर मोठ्या सुपरमार्केटात शोधू नका, फक्त वाइन विकणाऱ्या छोट्या दुकानात विचारा. लापिएर संपली असेल तर फ्वायार किंवा तेव्हने मागा. तेही नसेल तर मोर्गों किंवा फ्लरीच्या एखाद्या शेतकऱ्याने स्वतःच्या शेतावर भरलेली बाटली मागा, लेबलावर तसं छापलेलं असतं. तिथेच पिणार असाल तर 'एन' घ्या. घरी आणायची असेल तर 'एस', आणि ती चांगली गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवा. परदेशातून येताना माणशी दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येतं. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या त्यात बसतात.